जुनी बालपुस्तकं : साल छापलेलंच नाही, मग वय ओळखायचं कसं?

कागदखाऊ :
नमस्कार मंडळी. इथे जुन्या पुस्तकांवर लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. मला अलीकडे जुन्या बालपुस्तकांचं वेड लागलंय, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली आणि विसाव्याच्या सुरुवातीची, रंगीत चित्रांची, कापडी बांधणीवर सोनेरी ठसे वगैरे असलेली. एका ऑनलाइन लिलावात खोकंभर लॉट मिळाला आणि आता तो समोर पसरून बसलोय, पण गंमत अशी की अर्ध्याहून जास्त पुस्तकांवर साल नाहीच! मोठ्यांच्या पुस्तकावर निदान टायटल पेजला तरी आकडा सापडतो, इथे काहीच नाही, नुसतं प्रकाशकाचं नाव आणि लंडनचा नाहीतर न्यूयॉर्कचा पत्ता.

लॉटमध्ये एक पीटर रॅबिट, म्हणजे त्या सशाच्या गोष्टीचं पुस्तक आहे, त्यावर 'कॉपीराइट १९०२' असं छापलंय आणि विकणाऱ्याने ठासून सांगितलं की पहिली आवृत्ती आहे. काल्डेकॉट या चित्रकाराचं एक चित्रपुस्तक आहे, त्यावर वॉर्न या प्रकाशकाचं नाव. बाकी प्रकाशकांपैकी रूटलेजची दोनतीन पातळ पुस्तकं, राफेल टकचं एक, मॅक्लॉफ्लिन ब्रदर्सचं एक. एक हलणाऱ्या चित्रांचं आहे पण त्याची ओढायची पट्टी तुटलीये. आणि एक झकास हिरवंगार कापडी पुस्तक, बहुतेक सगळ्यात जुनं तेच असावं.

तर विचारायचं असं की साल नसताना वय कसं काढता? आणि संग्रह लेखकाप्रमाणे करावा, चित्रकाराप्रमाणे, का प्रकाशकाप्रमाणे? कोणीतरी मला म्हणालं की प्रकाशक धर म्हणजे बाकी सगळं आपोआप येतं, ते कसं काय ते कळलं नाही. शिवाय दोन पुस्तकांत पोरांनी पेन्सिलीने गिरगटून ठेवलंय, ते खोडावं का?

जुनापुराणा :
आधी पीटर रॅबिटचं बोलू, कारण या एका पुस्तकावर जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशावर फसत नसतील. कॉपीराइटचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे. वॉर्न कंपनीने ती १९०२ ची ओळ पुढे कितीतरी वर्षं तशीच ठेवली. खऱ्या पहिल्या व्यापारी आवृत्तीत टायटल पेजवर, म्हणजे दर्शनी पानावर, खाली १९०२ असतं. ते तिथे नसेल तर विषय संपला.

थोडं मागे जाऊन सांगतो. पॉटरबाईंना, म्हणजे पीटर रॅबिटच्या लेखिका आणि चित्रकार बिॲट्रिक्स पॉटर यांना, आधी प्रकाशकांनी नकार दिला होता, त्यात वॉर्नसुद्धा होते. मग बाईंनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापून घेतल्या, आतली चित्रं काळ्या रेघांची आणि रंगीत फक्त सुरुवातीचं एक. पुढच्या फेब्रुवारीत अजून २०० काढल्या. या दोन्हींतला फरक पाठीवरून कळतो, पहिल्या २५० ची पाठ सपाट आणि नंतरच्यांची गोलसर. तोवर वॉर्नला अक्कल आली होती आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये त्यांनी रंगीत चित्रांसकट ८००० प्रती काढल्या, त्या बाजारात यायच्या आतच संपल्या. या सुरुवातीच्या छपाईत पान ५१ वर पीटर ढसाढसा रडतो तिथे 'वेप्ट' हा शब्द आहे, पुढे तो बदलून 'शेड' केला. आणि आतल्या बाजूला चिकटवलेले एंडपेपर बघा. सुरुवातीला राखाडी, पानांच्या नक्षीचे होते. १९०३ मध्ये रंगीत चित्रांचे एंडपेपर आले आणि त्यासाठी जागा करायला आतली चार चित्रं काढून टाकली.

तुमच्या पुस्तकावर प्रकाशकाच्या नावापुढे 'लिमिटेड' आहे का ते आधी सांगा. बाकी काही बघायची गरजही पडणार नाही कदाचित.

कागदखाऊ :
आहे! 'एफ. वॉर्न अँड कंपनी लि.' असं. एंडपेपर रंगीत. दर्शनी पानावर साल नाही.

जुनापुराणा :
मग ते १९१९ नंतरचं. वॉर्न लिमिटेड झाली तीच १९१९ मध्ये आणि त्यामागे मोठं नाट्य आहे. कंपनी तिघा भावांकडे होती, त्यातला धाकटा नॉर्मन, ज्याच्याशी पॉटरबाईंचं लग्न ठरलं होतं, तो १९०५ मध्ये ल्युकेमियाने गेला. हॅरॉल्ड नावाचा भाऊ सगळा कारभार बघायचा, त्याने दुसऱ्या धंद्यातले खड्डे बुजवायला खोट्या सह्यांच्या हुंड्या केल्या आणि १९१७ मध्ये त्याला अटक झाली, शिक्षा झाली. कंपनी बुडायलाच आली होती. बाईंनी घाईघाईने जुनी बडबडगीतं आणि चित्रं गोळा करून एक पुस्तक दिलं, कंपनीला हात दिला, आणि फ्रूइंग या तिसऱ्या भावाने नव्याने 'लिमिटेड' म्हणून उभी केली. म्हणजे तुमच्या पुस्तकावरची ती तीन अक्षरं एका फौजदारी खटल्याची खूण आहेत. पहिल्या आवृत्तीपेक्षा हे काय कमी आहे होय!

विकणाऱ्याला फोटोसकट कळवा आणि पैसे परत मागा, किंवा तो फरक तरी.

शिळाछाप :
+१. आणि कागदखाऊ, तुमच्या 'प्रकाशक धर' या प्रश्नाचं उत्तर पण यातच आलं बघा. बालपुस्तकांवर साल न छापण्याचं कारण सरळ व्यापारी होतं, पुस्तक नाताळात विकलं जायचं आणि उरलेला माल पुढच्या नाताळात जुना दिसू नये. त्याच हिशोबाने काहीजण पुढचं साल छापायचे. ग्लासगोचे ब्लॅकी, हेन्टीच्या साहसकथावाले (साम्राज्याचे पोवाडे आहेत ते, आज वाचताना दात ओठ खावे लागतात, पण बांधण्या बघाव्यात तर ब्लॅकीच्या), ते शरद ऋतूत पुस्तक काढायचे आणि साल पुढच्या वर्षाचं टाकायचे. तर साल असो नसो, त्यावर विश्वास टाकायचा नाही. विश्वास टाकायचा प्रकाशकाच्या नावावर आणि पत्त्यावर, कारण भागीदार भांडतात, मरतात, जागा बदलतात आणि त्याच्या तारखा बाकी कागदपत्रांत सापडतात.

रूटलेजचंच घ्या. जॉर्ज रूटलेज आणि फ्रेडरिक वॉर्न हे मेहुणे, दुकान एकच. 'रूटलेज, वॉर्न अँड रूटलेज' असं लांबलचक नाव दिसलं तर पुस्तक १८५८ ते १८६५ मधलं. १८६५ मध्ये वॉर्न वेगळा झाला, तिथून 'जॉर्ज रूटलेज अँड सन्स' सुरू. १८९० च्या सुमारापासून त्यापुढे 'लिमिटेड'. एवढ्या एका नावात तुमचा पन्नास वर्षांचा काळ तीन तुकड्यांत वाटला गेला की नाही?

तुमचं काल्डेकॉट वॉर्नचं आहे म्हणताय ना, तर ती नंतरची छपाई. काल्डेकॉटची चित्रपुस्तकं मुळात रूटलेजनं काढली, १८७८ पासून दर नाताळाला दोन, एक शिलिंगला एक, १८८५ पर्यंत एकूण सोळा. पुढे १८८६ मध्ये तो फ्लोरिडात वारला. वॉर्ननं हक्क घेऊन नंतर ती पुन्हा पुन्हा छापली. चित्रं तीच, पण रूटलेजच्या छपाईचा तो मऊ रंग वॉर्नच्या सगळ्याच छपायांत सापडेल असं नाही.

आणि खरं सांगू का, मला विचाराल तर प्रकाशकाच्याही पलीकडे जाऊन छापणारा बघा. दर्शनी पानाच्या मागे किंवा शेवटी बारीक अक्षरात 'एडमंड इव्हान्स' असं सापडेल. क्रेन, ग्रीनअवे, काल्डेकॉट या तिन्ही मोठ्या चित्रकारांची पुस्तकं या एका माणसाच्या छापखान्यातून बाहेर पडली. तो लाकडी ठसे कोरायचा, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि एकावर एक असे छापायचा. ग्रीनअवेचं पहिलं पुस्तक त्यानं पहिल्याच फटक्यात २०,००० छापलं तेव्हा रूटलेजवाले त्याला हसले, सहा शिलिंगचं पुस्तक एवढं कोण घेणार म्हणून. दुसरी छपाई तयार व्हायच्या आत पहिली संपली.

एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि रंगीत चित्रावर ठेवा. बारीक कोरलेल्या रेघा, आडव्याउभ्या जाळ्या आणि रंगाच्या कडेला किंचित दाबलेला कागद दिसला तर लाकडी ठसा. वेडेवाकडे, हाताने टोचल्यासारखे ठिपके म्हणजे शिळाछाप, क्रोमोलिथो (दगडावरून केलेली रंगीत छपाई). आणि एकदम शिस्तीत, रांगेत ठिपके दिसले की समजायचं फोटोवरून केलेला हाफटोन, म्हणजे ढोबळमानाने १८९० नंतरचं काम. एवढ्या एका गोष्टीवरून 'अगदी जुनं आहे हो' म्हणून गळ्यात मारलेली अर्धी पुस्तकं बाजूला पडतात. गंमत म्हणजे पीटर रॅबिटची रंगीत चित्रं तीन रंगांच्या फोटो-ठशांची आहेत आणि ती छापली परत इव्हान्सच्याच छापखान्याने! ज्या माणसाने लाकडी ठशांवर नाव कमावलं त्याच्याच छापखान्यात त्या कलेचा शेवट करणारी पद्धत आली.

राफेल टकचं पुस्तक उघडा आणि नावाखालची बिरुदावली वाचा. व्हिक्टोरिया राणीने त्यांना १८९३ मध्ये शाही सनद दिली, म्हणून 'हर मॅजेस्टी द क्वीन' चे प्रकाशक असं दिसलं तर १८९३ ते १९०१. 'देअर मॅजेस्टीज' असेल तर राणी गेल्यानंतरचं. आणि चित्र बव्हेरियात नाहीतर जर्मनीत छापलं असा उल्लेख कुठे आहे का बघा. अमेरिकेत बाहेरच्या मालावर देशाचं नाव घालायची सक्ती १८९१ पासून लागू झाली, त्यामुळे असा उल्लेख असेल तर पुस्तक बहुधा त्यानंतरचं.

मॅक्लॉफ्लिनवर उद्या लिहितो, ते लोक म्हणजे वेगळंच प्रकरण होतं.

रेघोट्या :
शिळाछापदादांना पूर्ण मान देऊन थोडं वेगळं बोलते. हे सगळं तारखा-पत्ते ठीक आहे पण त्यात पुस्तक कुठे गेलं? मी असे संग्रह बघितलेत की कपाटात चारशे पुस्तकं, एकेकाचा जन्मदाखला तोंडपाठ आणि आतली गोष्ट काय आहे विचारलं तर साहेब गप्प. कागदखाऊ, तुम्हाला जी चित्रं बघावीशी वाटतात ती जमवा, मग प्रकाशक आपोआप कळतील.

आणि पेन्सिलीच्या रेघोट्या प्लीज प्लीज खोडू नका. आपल्याकडे असा समज झालाय की कोरं पुस्तक म्हणजेच चांगलं पुस्तक. बालपुस्तक कोरं राहिलं याचा अर्थ ते कोणा मुलाच्या हातात पडलंच नाही. १७४४ मध्ये जॉन न्यूबेरीने लंडनला मुलांसाठी खिशात मावेल असं छोटं पुस्तक काढलं, नुसतं घेतलं तर सहा पेन्स आणि सोबत मुलाला चेंडू नाहीतर मुलीला टाचण्यांची उशी हवी तर आठ पेन्स. चेंडूची एक बाजू लाल, एक काळी. मूल चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही! का? तर मुलांनी वापरून वापरून संपवलं. ज्याचा खप झाला तेच नाहीसं झालं, हे बालपुस्तकांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि म्हणून जे उरलंय त्याच्यावर मुलाच्या हाताची खूण असेल तर ती जपायची असते.

पुस्तकाच्या आत नाव आणि तारीख लिहिलीये का ते पण बघा. शाळेत किंवा रविवारच्या शाळेत बक्षीस दिलेलं असेल तर आत छापील लेबल असतं, मुलाचं नाव, कशाबद्दल बक्षीस (हजेरी! नेहमी हजेरीच असते बिचाऱ्यांची) आणि साल. पुस्तक त्या सालाचं किंवा त्याच्या आधीचं, हे नक्की. पण किती आधीचं ते सांगता येत नाही कारण संस्था बक्षिसांची पुस्तकं एकदम घेऊन ठेवायच्या.

शिळाछाप :
रेघोट्याताई, गोष्ट वाचू नका असं मी कुठे म्हटलं :) पण न्यूबेरीचं नाव काढलंतच तर त्याचं दुसरं अंग पण सांगा की. हा माणूस पुस्तकांबरोबर तापावरची पूड विकायचा, डॉ. जेम्सची म्हणून प्रसिद्ध होती. १७६५ च्या त्याच्या गाजलेल्या 'टू-शूज' च्या गोष्टीत नायिकेचा बाप पहिल्याच प्रकरणात तापाने मरतो, आणि का मरतो, तर तो होता तिथे डॉ. जेम्सची पूड मिळत नव्हती! आजच्या जाहिरातवाल्यांना हे जमणार नाही. आता मला सांगा, प्रकाशक कोण आणि तो अजून काय विकतो हे माहीत नसेल तर ही ओळ वाचून काही कळलं असतं का?

न्यूबेरी घराण्याचं दुकान सेंट पॉल्स चर्चयार्डात. ते पुढे जॉन हॅरिसकडे गेलं, त्यानं १८०५ मध्ये मदर हबर्डची चित्रमय कविता काढून धमाल उडवली, मुलांना काही न शिकवता नुसतं हसवणारं पुस्तक. या काळातली चित्रं हाताने रंगवायचे. टेबलाभोवती पोरं बसायची, एकाकडे लाल, एकाकडे निळा, छापील कागद फिरत जायचा आणि प्रत्येकजण आपला तेवढा रंग लावून पुढे सरकवायचा. म्हणून तुम्हाला त्या चित्रांत लाल टोपीचा रंग कानावर आलेला दिसतो. हॅरिसच्या नंतर ग्रँट अँड ग्रिफिथ, मग ग्रिफिथ अँड फॅरन, आणि ही मंडळी दर्शनी पानावर अभिमानाने लिहायची की आम्ही न्यूबेरी आणि हॅरिसचे वारस. शंभर वर्षं एक गादी चालली.

मॅक्लॉफ्लिनचं सांगायचं राहिलं. न्यूयॉर्कची ही कंपनी, 'मॅक्लॉफ्लिन ब्रदर्स' या नावाने १८५८ पासून. अमेरिकेत १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना कॉपीराइटचं संरक्षणच नव्हतं, म्हणून यांनी क्रेन, काल्डेकॉट, ग्रीनअवे सगळ्यांची चित्रं आपल्या लोकांकडून परत काढून घेऊन बिनधास्त छापली. चोर म्हणा, पण रंगीत छपाई स्वस्तात मुलांपर्यंत नेली ती यांनीच, ब्रुकलिनला केवढा तरी कारखाना होता. १९२० मध्ये मिल्टन ब्रॅडली या खेळणीवाल्यांनी विकत घेतली. यांच्या पुस्तकांचं वय पण पत्त्यावरूनच, ड्युएन स्ट्रीट असेल तर आधीचं, ब्रॉडवे असेल तर नंतरचं.

'विझर्ड ऑफ ओझ' या पुस्तकाचं पण असंच. १९०० मध्ये शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने काढलं, खप धो धो, आणि १९०२ मध्ये कंपनीचं दिवाळं. मूळ पुस्तक बॉब्ज-मेरिलकडे गेलं, पुढचे भाग रायली अँड ब्रिटन या नव्या कंपनीने १९०४ पासून काढले आणि १९१९ मध्ये तिचं नाव रायली अँड ली झालं. पाठीवर 'ब्रिटन' का 'ली' एवढं बघितलं की झालं.

बाइंडिंगवाली :
मी पुस्तकं दुरुस्त करते. वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी मला सांगा, ते हिरवंगार पुस्तक कुठे ठेवलंय?

साधारण १८४० ते १८६० च्या दशकांत बांधणीच्या कापडाला झगझगीत हिरवा रंग द्यायला जे रंगद्रव्य वापरलं जायचं त्यात आर्सेनिक असायचं, सोमल हो. अमेरिकेत विंटरथर म्युझियमने २०१९ पासून अशी पुस्तकं शोधायचं काम हाती घेतलंय, आणि त्यांना ती नुसत्या कुलूपबंद कपाटात नाही, चांगली वाचकांच्या हाताशी असलेल्या मांडणीवर सापडलीयेत. सगळं हिरवं विषारीच असतं असं नाही आणि नुसत्या नजरेने शंभर टक्के सांगता येत नाही, त्याला तपासणी लागते. पण रंग पाचूसारखा चमकदार असेल, काळ त्या आसपासचा असेल आणि घासलं की हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर प्रयोग करत बसू नका. झिपच्या पिशवीत वेगळं ठेवा, हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, टेबल नंतर ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, आणि लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. पान उलटायला बोट जिभेला लावायची सवय असेल तर आजपासून बंद.

तुटलेल्या पट्टीबद्दल. सेलोटेप लावलीत तर मी इथून ओरडेन. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात शिरतो, मग तो काढताना चित्रच निघून येतं. जपानी टिश्यू म्हणून मिळतो, लांब धाग्यांचा पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. टिश्यू कापू नका, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. पण हलत्या चित्राच्या पुस्तकात पट्टीच्या मागे दोऱ्याच्या किंवा तारेच्या बारीक चकत्या असतात, त्यावर सगळे भाग एकाच वेळी फिरतात. पट्टी आत अडकली असेल तर ओढू नका, पान उघडायचं काम माणसाला सरावाने येतं. डीन अँड सन या लंडनच्या कंपनीने अशी पुस्तकं भरपूर काढली, पुढे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या अर्न्स्ट निस्टरने. आणि त्यातली धडधाकट राहिलेली फार कमी, कारण मुलं पट्टी ओढतात आणि ओढतच राहतात. डीनवाले तर शेवटी कंटाळून (हा माझा अंदाज) १९०३ मध्ये कापडी पुस्तकांच्या कंपनीत उतरले, चावलं तरी फाटणार नाही असं.

अजून एक. बऱ्याच पातळ पुस्तकांना दोऱ्याऐवजी तारेचे टाके असतात, ते गंजले की पानाला तपकिरी भोक पडतं. गंज पसरत असेल तर तार हलक्या हाताने काढून तिथेच दोऱ्याने शिवता येतं. पण स्वतः करायच्या आधी एखाद्या रद्दीतल्या मासिकावर हात बसवा. रेघोट्याताईंशी मी सहमत, पेन्सिल खोडू नका, खोडरबरने कागदाचा पृष्ठभाग उसवतो.

कागदखाऊ :
बाप रे, हिरवं पुस्तक लगेच पिशवीत घातलं! भिंग पण मागवलंय. टकच्या पुस्तकावर 'देअर मॅजेस्टीज' आहे.

एक शंका, एवढे पत्ते आणि नावं लोकांना परत गोळा का करावी लागतात? प्रकाशकांकडे स्वतःच्या नोंदी असतीलच की, कधी काय छापलं, किती प्रती.

जुनापुराणा :
असायच्या. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनवर जे बॉम्ब पडले त्यात पॅटरनॉस्टर रो ही पुस्तकवाल्यांची गल्लीच जळून गेली, सेंट पॉल्सला लागून, म्हणजे जिथे न्यूबेरीपासून हा धंदा उभा राहिला तिथेच. साधारण ५० लाख पुस्तकं एका रात्रीत गेली म्हणतात. टकची इमारतही त्याच रात्री गेली, मूळ चित्रं, हिशोबाच्या वह्या, सगळं. म्हणून आज टकच्या पुस्तकांचं वय काढायचं तर पुस्तकंच एकमेकांशी ताडून बघावी लागतात.

ताडून बघायला मात्र आता सोय चांगली आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या बाल्डविन संग्रहाची हजारो जुनी बालपुस्तकं पान न् पान स्कॅन करून ठेवलीयेत, फुकट. तुमची प्रत उघडा, शेजारी त्यांची उघडा, जाहिरातींची यादी, पत्ता, एंडपेपर सगळं मिळवा. टोरांटोच्या सार्वजनिक वाचनालयात ओसबोर्न संग्रह आहे, १९४९ मध्ये एका इंग्रज ग्रंथपालाने आपली सुमारे २००० पुस्तकं दिली त्यातून उभा राहिलेला. पण ओसबोर्नच्या नावाने एक सावधगिरी. १९८० च्या आसपास त्यांच्या निवडक पुस्तकांच्या हुबेहूब प्रतिकृती जपानमध्ये छापल्या गेल्या, इतक्या चांगल्या की प्रतिकृती असल्याचा उल्लेख खरवडला तर नवखा माणूस फसतो. कागद बघा, जुन्या कागदाचा रंग कडेला जास्त आणि मध्ये कमी बदललेला असतो. प्रतिकृतीत तो जुनाट रंग छापलेला असतो, सगळीकडे सारखा, आणि भिंगाखाली त्याचे ठिपके दिसतात.

रेघोट्या :
मला अजून एक सुचवायचंय, सगळी उडी एकोणिसाव्या शतकावरच कशाला? विसाव्या शतकातली मालिका-पुस्तकं जमवायला जास्त मजा येते आणि अजून हाती लागतात. लेडीबर्ड घ्या, लफबरोच्या विल्स अँड हेपवर्थ नावाच्या छापखान्याची. १९४० मध्ये युद्धामुळे कागद नव्हता, तेव्हा त्यांनी असा आकार शोधला की ४० बाय ३० इंचाच्या एकाच कागदातून पूर्ण ५६ पानांचं पुस्तक निघेल, काहीही वाया न जाता. त्या एका घडीवर कंपनी पुढे कित्येक वर्षं चालली आणि किंमत १९४५ ते १९७१ एकच, दोन शिलिंग सहा पेन्स. किंमत शिलिंगमध्ये असेल तर ब्रिटनने १९७१ मध्ये दशमान नाणी आणायच्या आधीचं पुस्तक, यात भिंग-बिंग काही लागत नाही.

किंवा एखाद्या चित्रकाराचा माग काढा, एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे. फ्योदोर रोजानकोव्स्की म्हणून रशियन चित्रकार होता, क्रांतीनंतर बाहेर पडला. पॅरिसमध्ये पॉल फॉशेने १९३१ मध्ये फ्लामारियोंकडून 'पेर कास्तोर' ही स्वस्त पातळ चित्रपुस्तकांची माला सुरू केली, त्यात याने प्राण्यांची अप्रतिम पुस्तकं केली. नोएल कॅरिंग्टन या संपादकाने रशियन आणि ही फ्रेंच पुस्तकं बघून इंग्लंडमध्ये १९४० ला पफिनची चित्रपुस्तकं सुरू केली, चित्रकार थेट छपाईच्या पत्र्यावर काढायचे. आणि रोजानकोव्स्की स्वतः १९४१ मध्ये अमेरिकेत गेला आणि तिथल्या २५ सेंटवाल्या लिटल गोल्डन बुक्ससाठी काम केलं. तीन देशांतले प्रकाशक एका अस्वलाच्या केसाळ पाठीवरून जोडता येतात, त्याच्यासारखी फर कोणी काढत नाही. गोल्डन बुक्सचं वय काढणं तर पोरखेळ, साधारण १९४७ पासून पुढे बरीच वर्षं शेवटच्या पानावर पाठीजवळच्या कोपऱ्यात एक अक्षर असायचं, 'ए' म्हणजे पहिली छपाई, 'बी' दुसरी.

शिळाछाप :
ताई, बघा, चित्रकाराचा माग काढता काढता तुम्ही तीन प्रकाशक सांगितलेत :)

कागदखाऊ :
मंडळी, भिंग आलं. रूटलेजच्या पातळ पुस्तकांतलं एक काल्डेकॉटचंच निघालं, जॉन गिल्पिन! आधी लक्षातच आलं नव्हतं कारण वरचं आवरण फाटलंय. 'जॉर्ज रूटलेज अँड सन्स', लिमिटेड नाही. भिंगाखाली रेघा आणि जाळ्या, ठिपके नाहीत, इव्हान्सचं नाव पण आहे. मागच्या आवरणावर काल्डेकॉटच्या पुस्तकांची यादी आहे आणि त्यात आठ नावं आहेत. साल अर्थातच नाही. ही पहिली छपाई का?

शिळाछाप :
नाही. गिल्पिन १८७८ चं, पहिल्याच जोडीतलं. पण दरवर्षी दोन या हिशोबाने आठ नावं भरायला १८८१ उजाडावं लागतं. यादीतली शेवटची दोन 'क्वीन ऑफ हार्ट्स' आणि 'फार्मर्स बॉय' असतील, बघा. म्हणजे तुमची प्रत १८८१ चा नाताळ ते १८८२ चा नाताळ यामधली, कारण पुढच्या वर्षी यादी दहाची झाली. पहिली छपाई हवी असेल तर मागे दोनच नावं असलेली शोधावी लागेल. ही मात्र सोडू नका, इव्हान्सच्या ठशांची आणि चित्रकार हयात असतानाची आहे.

बाइंडिंगवाली :
आणि फाटलेलं आवरण फेकू नका! यादी त्याच्यावरच आहे. तुकडे सपाट पाकिटात घालून पुस्तकाबरोबरच ठेवा, जोडायचं नंतर बघू.